परभणीतला बेडकांचा सीझन

रिटायर झालेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. गोळ्यांच्या पट्ट्या आणि किस्से. गोळ्यांची तारीख उलटली की सून त्या फेकून देते. किश्शांवर तारीख छापलेली नसते, म्हणून ते नुसते वाढतच राहतात!

मध्यंतरी शकीलच्या मुलीच्या लग्नात आम्ही विभागातली जुनी मंडळी भेटलो. ताटातली बिर्याणी गार झाली तरी आमचं बोलणं संपेना. शेवटी शकीलची बायको वैतागून म्हणाली, "आपा, ये मेंडकां के किस्से अब लिख डालो. तीस बरस से सुन सुन के मेरे कान पक गए!"

घ्या, बसले लिहायला.

ऐंशीच्या दशकात, नामांतराच्या त्या धगधगत्या वर्षांत, आम्ही परभणीत बसून मज्जासंस्थेवर संशोधन करत होतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा खुशाल. आम्हालाही तेव्हा हसूच यायचं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागामागं पत्र्याची एक खोली, खोलीबाहेर बेडूक ठेवायचा सिमेंटचा हौद, आणि खोलीत चौसाळकर सर. सर आमचे गाईड. एम.फिल.ला आम्ही तिघंच. मी सेलूची सुमन, शकील परभणीचाच, आणि तिसरा बोरीचा बाबाराव.

बाबारावचा विषय अगदी आमच्या काळ्या मातीतला होता. कपाशीवर फवारायचं औषध नसांवर काय परिणाम करतं, ते तो बेडकावर बघत होता. पोरगा हुशार, पण घरी एकुलता एक. त्याचे वडील, आबा, परभणीला काही कामाला आले की हमखास विभागात यायचे, दारात उभे राहायचे आणि एकच म्हणायचे, "झालं का रे? चल घरी. शेत कोन बघायचं?"

आणि बाबाराव एकच उत्तर द्यायचा, "आबा, येवढा सीझन."

सीझन म्हणजे बेडकांचा सीझन! आमचं सगळं काम बेडकाच्या पायावर चालायचं. आणि बेडूक आमच्याकडं पावसाळ्यापासून फार तर दिवाळीपर्यंत सापडणार. पुढं ते चिखलात जाऊन झोपतात. म्हणजे दिवाळीच्या आत काम उरकलं नाही की वर्ष गेलं. त्यात कापूस वेचणीला येतो तोही नेमका दिवाळीलाच. त्यामुळं बाबारावची डिग्री आधी येते की बाबारावला न्यायला आबा आधी येतात, ही आमच्या खोलीतली कायमची काळजी होती.

*

एम.फिल.ला गेल्यावर मेंदू बघायला मिळेल, असं मला वाटलं होतं. मिळाली काजळी!

त्याचं असं होतं. बेडकाची नस आणि पोटरीचा स्नायू काढून घ्यायचा, नसेला बारीक करंट द्यायचा, की स्नायू उडतो. त्या स्नायूला एक हलकी काडी बांधलेली असायची. समोर चावीवर फिरणारा ड्रम. त्या ड्रमवर गुळगुळीत कागद चिकटवून रॉकेलच्या धुरावर तो काळाकुट्ट करायचा. मग काडीचं टोक त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायचं. स्नायू जोरात उडाला तर रेघ उंच, दमला तर बुटकी. काम झालं की कागद अलगद सोडवून वॉर्निशमध्ये बुडवायचा. त्याआधी कुणाचं बोट लागलं की दिवसाची मेहनत पाण्यात.

सरांचा नियम होता, नव्या पोरांनी आधी नुसती काजळी धरायला शिकायचं. ती सगळीकडं सारखी बसली पाहिजे. कुठं जाड, कुठं पातळ झाली की सर कागद पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "हात काळे झाल्याशिवाय डोकं उजळत नसतं."

एकदा बाबाराव नवा पांढरा सदरा घालून आला. आईनं पोळ्याला शिवलेला. शकील म्हणाला, "बाबू, आज तू ड्रम को हात नक्को लगा, मैं करतूं." बाबाराव कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहिला. शकीलनं काजळी धरली, एकदम फस्क्लास! सर खूश झाले, इतके खूश की त्यांनी शाबासकी द्यायला जवळच्या पाठीवर थाप मारली. ती पाठ बाबारावची होती आणि सरांनी नुकताच ड्रम तपासला होता.

पाचही बोटं उमटली! बाबाराव मान वळवून वळवून पाठ बघायला लागला. शकील गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, वॉर्निश करूं क्या?"

*

ते दिवस फार वाईट होते, हेही सांगायला हवं. आज मोर्चा, उद्या बंद. आमच्याबरोबर शिकणारी काही मुलं गावी गेली ती परत कॉलेजात आलीच नाहीत. त्यांच्या वस्त्यांवर काय झालं ते आम्हाला कानोकानी कळायचं आणि खोलीत कुणी कुणाशी बोलायचं नाही. तो किस्सा नव्हे, आणि तो किश्शासारखा सांगायचा माझा इरादाही नाही. पण त्याच दिवसांत एक गंमत झाली.

बंदच्या दिवशी ड्रमचं रॉकेल संपलं. शकील आणि बाबाराव शकीलच्या मामूकडून रॉकेलचा डबा घेऊन गल्लीबोळातून येत होते. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. आणि तेव्हा रोज कुठं ना कुठं कुणी ना कुणी कुणाच्या तरी तोंडाला काळं फासत होतं. चौकात हवालदारानं दोघांना धरलं.

"कोनाला फासून आलात? आन आता काय पेटवायला निघालात?"

बाबाराव घाबरून खरं तेच बोलला. "साहेब, बेडकासाठी हाय."

हवालदारानं दोघांना बाकड्यावर बसवून ठेवलं. निरोप आला तसे सर धावत निघाले, मागोमाग मी. सरांनी चौकीत उभं राहून अख्खं लेक्चर दिलं. नस म्हणजे काय, करंट का द्यायचा, काजळी कशाला लागते, सगळं! हवालदार टोपी काढून ऐकत बसला. शेवटी आतल्या दाराकडं एक नजर टाकून त्यानं सरांना हळूच विचारलं,

"म्हंजे जे हालत न्हाई त्याला करंट दिला की ते हालतंय?"

"बरोबर."

"मग सर, येकदा आमच्या फौजदारसाहेबाला लावून बघता का?"

*

माझ्या घरी वेगळंच चालू होतं. मुलगी पंचविशीला आली आणि बेडूक कापत बसली, म्हणून सेलूत आमच्या आईला तोंड दाखवायची चोरी झाली होती. कसंबसं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, माणसं पाथरीची. आईनं मला दहादा बजावलं, "मेंदूबिंदू काही बोलू नकोस. विणकाम येतं म्हणावं."

पोहे झाले. मुलाच्या मावशीनं विचारलं, "काय करतेस गं?"

माझा मूळचाच स्वभाव आगाऊ. सांगून टाकलं, "बेडूक सोलते. आतली नस दोऱ्याएवढी असते, ती न तुटता काढावी लागते."

मुलाचा पोह्याचा चमचा वरच्या वर थांबला. आई आत निघून गेली. आमचे अण्णा छताकडं बघायला लागले. मला वाटलं, सुटले!

तेवढ्यात मुलाची आजी पुढं सरकली. माझा हात हातात घेऊन तिनं उलटासुलटा करून बघितला आणि मुलाला म्हणाली, "कर रे हो. इतक्या नाजूक हाताची पोरगी आहे, तुझ्या आईशी हिचं जमेल!"

जमलं. आजी तर माझी जन्माची मैत्रीण झाली. ती गेली त्याला आता खूप वर्षं झाली, पण नाजूक काही काम हातात घेतलं की मला अजून तिची आठवण येते.

*

लाईट जाणं ही आमच्याकडं बातमी नव्हती. पण एकदा ऐन प्रयोगात गेली. नस काढून तयार, काडी बांधलेली, ड्रम फिरायला लागलेला, आणि करंट द्यायचं यंत्र बंद! नस काही तुमच्यासाठी थांबत नाही. थोड्या वेळात वाळते, की संपलं.

सर तीरासारखे स्टाफरूममध्ये गेले. तिथं क्रिकेटची कॉमेंट्री रंगात आलेली. सगळे प्रोफेसर ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेले, शेवटच्या ओव्हर चाललेल्या. सरांनी ट्रान्झिस्टर उचलला, मागचं झाकण उघडलं आणि सेल काढून खिशात घातले.

एकच गलका उठला! गणिताचे मुळे सर तर भांडायलाच उठले. "अहो चौसाळकर, हे काय चाललंय?"

"मॅच उद्या पेपरात येईल," सर म्हणाले. "ही नस उद्या राहणार नाही."

आणि चालू पडले. त्यांच्यामागून सेलसाठी अख्खी स्टाफरूम आमच्या पत्र्याच्या खोलीत आली. दाटीवाटीनं उभे राहून सगळे बघायला लागले. सेलवर करंट सुरू झाला, बेडकाचा पाय उडायला लागला, रेघा वर वर जायला लागल्या. भांडायला आलेली माणसं चिडीचूप झाली. हळूहळू रेघा बुटक्या होत गेल्या. एक करंट, थोडा हलला. अजून एक, किंचित हलला. पुढचा करंट दिला, पाय ढिम्म.

मुळे सरांनी बोट वर केलं. "आउट!"

*

आणि मग तो कोरडा पावसाळा आला. ढग यायचे, बघून जायचे. शेतकरी आभाळाकडं बघतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या वर्षी परभणीत मज्जासंस्थेचे विद्यार्थीही आभाळाकडं बघत होते! पाऊस नाही म्हणजे बेडूक नाही, बेडूक नाही म्हणजे थिसिस नाही. आमचा हौद कोरडा पडला. माझं आणि शकीलचं काम उरकत आलेलं. अडकला एकटा बाबाराव. औषधाचे निम्मे प्रयोग बाकी.

आबा आले. या खेपेला ते दारात थांबले नाहीत, सरळ सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, पोरगं द्या मपलं परत."

सर उभे राहिले. आबांना खुर्ची दिली. म्हणाले, "एवढी दिवाळी होऊ द्या. दिवाळीपर्यंत नाही झालं, तर मी स्वतः त्याला बोरीला आणून सोडतो."

आबांनी बाबारावकडं एकदा बघितलं. "दिवाळीपतूर. म्होरं येक दिस बी न्हाई."

बाबाराव मग वेड्यासारखा हिंडला. कुठल्या गावाला तळं आहे, कुठल्या विहिरीला पाणी आहे, सगळं पालथं घातलं. शेवटी बोरीजवळच्या एका विहिरीत बेडूक सापडले. दुधाच्या कॅनमध्ये ओलं गवत घालून त्यानं ते एसटीत चढवले. गाडी खचाखच भरलेली. जिंतूर-परभणी रस्ता तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. एका खड्ड्यात झाकण उडालं.

बाया किंचाळून सीटवर चढल्या. एक म्हातारा पागोटं झटकायला लागला. ड्रायव्हरनं गाडी उभी केली. बाबाराव सीटखाली सरपटत एकेकाला धरायला लागला आणि रडकुंडीला येऊन म्हणायला लागला, "मावशी, पाय उचला, तुमच्या पायाजवळ मपली डिग्री हाय!"

कंडक्टर शांतपणे तिकिटाची पेटी सावरत उभा. तो म्हणाला, "उभ्यानं परवानगी हाय, बसून परवानगी हाय. उड्या मारत जायचं असंल तर खाली उतरा!"

मग सगळी गाडीच कामाला लागली. ज्या बाया किंचाळल्या होत्या त्यांनीच पदरात धरून धरून बेडूक कॅनमध्ये टाकले. बाबाराव विभागात पोचला तेव्हा त्याचं अंग धुळीनं भरलेलं होतं आणि तो हसत होता. इतका हसताना मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं.

*

आता शेवटचा.

दिवाळी तोंडावर आली. बाबारावचे थोडे प्रयोग राहिले होते, दोनचार दिवसांत उरकले असते. आणि आबा आले, ठरल्या दिवसाच्या आधीच. खांद्यावर रिकामी पिशवी, पोराचे कपडे भरून न्यायला.

"कापूस फुटलाय," आबा म्हणाले. "मपल्यानं न्हाई होत आता. चल."

बाबारावच्या पुढ्यात प्रयोग चालू होता. औषध दिलेला बेडूक, ड्रम फिरतोय. तो खाली मान घालून म्हणाला, "येवढा होऊ द्या आबा. मंग निघू." मुदत अजून संपली नव्हती, पण थकलेल्या माणसाशी सर काय वाद घालणार? ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले. शकीलनं आबांना स्टूल दिलं.

आबा बसले आणि पहिल्यांदाच ड्रमकडं बघायला लागले. इतकी वर्षं आले-गेले, पण आत बसून बघितलं नव्हतं. साध्या बेडकाची रेघ कशी असते ते मी त्यांना भिंतीवरच्या कागदावर दाखवलं. सरळ वर, सरळ खाली. मग औषध दिलेल्याची समोर उमटत होती ती दाखवली. वर जाताना थरथर, खाली येताना थरथर, करंट बंद केला तरी थरथर.

"कोन्तं औशध हाय?" आबांनी विचारलं.

बाबारावनं नाव सांगितलं. कपाशीवरचंच, आबांच्या फवारणीच्या पंपातलं.

बेडकाचं काम संपलं, काडी मोकळी झाली. आबांनी आपला उजवा हात पुढं केला. तो हात नीट बघायची वेळ माझ्यावर तोवर आलीच नव्हती. टेबलावर टेकवला तरी तो बारीक बारीक हलत होता.

"ह्याला बांध," आबा म्हणाले.

बाबाराव जागचा हलला नाही. मग शकील पुढं झाला आणि आबांच्या बोटाला दोरा बांधून त्यानं काडी जोडली. मी ड्रम सोडला. करंट नव्हता, काही नव्हतं. काजळीवर रेघ उमटत गेली. ड्रमचा एक फेरा पुरा झाला तेव्हा कागदावर एकाखाली एक दोन रेघा होत्या, वर बेडकाची, खाली आबांची. आम्ही चौघं त्या बघत होतो आणि कुणालाही कुणाकडं बघवत नव्हतं.

सर म्हणाले, "वॉर्निश करा."

आबांनी दोरा सोडवला. रिकामी पिशवी उचलून खांद्यावर टाकली. दाराशी जाऊन ते बाबारावला म्हणाले, "कापसाचं म्या बघतो. तू ह्ये पुरं कर." आणि एकटेच एसटी स्टँडकडं चालायला लागले.

थिसिस झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. ते भयंकर कडक म्हणून प्रसिद्ध होते. आधीच्या खेपेला एकाचं वर्षाचं काम त्यांनी एका चुकीच्या आकृतीवरून परत पाठवलं होतं. त्यामुळं आमचे सगळ्यांचे जीव टांगणीला लागलेले. परीक्षा सगळ्यांसमोर व्हायची, कुणीही येऊन बसावं. शेवटच्या बाकावर धुतलेलं धोतर नेसून आबा बसले होते. बाबारावनंच बोलावलं होतं.

बाबाराव चांगला बोलला. परीक्षक पानं उलटत होते, प्रत्येक आकृतीखालचं वाचत होते. कोणता बेडूक, किती औषध, किती वेळ. एका पानावर ते थांबले. त्या आकृतीतल्या खालच्या रेघेला काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं.

"इतकी थरथर तुमच्या बाकीच्या कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही," ते म्हणाले. "आणि नेमकं इथंच काही लिहिलेलं नाही! या प्राण्याला औषध किती दिवस दिलंत?"

बाबारावनं मान वळवून शेवटच्या बाकाकडं बघितलं. सर खुर्चीत पुढं सरकले. परीक्षकांनी पेन काढलं आणि पुन्हा विचारलं, "सांगा ना. किती दिवस?"

शेवटचं बाक वाजलं. आबा उभे राहिले होते.

"दिवस न्हाई, साहेब," ते म्हणाले. "कपाशी लावायलो तवापसून."